तेल तापेपर्यंत

थंड इंजिनाला रेस मारणारा माणूस सुभाषरावांच्या लेखी माणसात जमाच नव्हता. शेजारच्या धर्माजीचा पोरगा सकाळी मोटारसायकलला किक मारायचा आणि ती चालू झाल्या झाल्या मूठ पिळायचा. इकडे अंथरुणात सुभाषरावांचे दात करकरायचे. "झोपेतनं उठवून कुनी कानाखाली वाजवली तर कसं वाटंल गं?" असं ते बायकोला, इंद्रायणीबाईंना विचारायचे. इंद्रायणीबाई कूस बदलायच्या. या प्रश्नाचं उत्तर देऊन त्या कंटाळल्या होत्या.

कळंबच्या बाजूची वावरं रस्त्यात गेली आणि मोबदला हातात आला तेव्हा महाळुंगे पडवळमध्ये ज्याने त्याने आपापल्या अकलेप्रमाणे पैसे लावले. कुणी बंगला बांधला, कुणी मंगल कार्यालय काढलं, कुणी निवडणूक लढवून होतं ते घालवलं. सुभाषरावांनी बंगला बांधलाच, पण उरलेल्यातून पुण्याच्या एका बिल्डरने वापरलेली परदेशी स्पोर्ट्स कार आणली. पिवळीधमक, दोन दारांची, पोट जमिनीला टेकेल इतकी बुटकी. गावातल्या गतिरोधकावरून ती तिरकी करून न्यावी लागायची आणि मागची सगळी वाहतूक तोपर्यंत हॉर्न वाजवत थांबायची. तिचं नाव गावात कुणालाच धड उच्चारता येत नव्हतं, म्हणून सगळे तिला नुसतं 'पिवळी' म्हणायचे.

पिवळी बाहेर काढायची म्हणजे एक सोहळा असायचा. कव्हर काढायचं, घडी घालायची, खाली वाकून तेल गळलंय का बघायचं. चालू करताना पेडलवर पाय ठेवायचाच नाही. इंजिन पहिल्यांदा मोठ्याने गुरगुरतं, मग आवाज आपोआप खाली बसतो, तोवर गप्प राहायचं. पण म्हणून उभी ठेवून तापवत बसायचं नाही, तेही चूकच. हलकेच रस्त्याला लावायची आणि गिअर लवकर लवकर बदलत, म्हातारं माणूस देवळाला निघावं तशी न्यायची. पाण्याचा काटा लगेच वर येतो, त्याला भुलायचं नाही. तेलाचा काटा वेगळा, आणि तो आळशी. तो जागेवर यायला कळंब गाठावं लागतं. तो आला की मग हायवे, मग पाय खाली, आणि मग पिवळी अशी काही निघायची की साठीला टेकलेले सुभाषराव एकटेच मोठमोठ्याने हसायचे.

गावाला हसायला तेवढं कारण पुरे होतं. समोरच्या कोंडाबाई ओट्यावर पाय पसरून बसलेल्या असायच्या. त्या रोज ओरडायच्या, "सुभाष, गाडी बाळंत झालीया का रं? सारखा श्येक देतुयास तिला!" सुभाषराव हात हलवायचे, पण वाद घालायचे नाहीत. ज्याला कळत नाही त्याच्याशी काय बोलणार?

यंदा अधिक जेठ आला. धोंड्याचा महिना म्हणजे जावयाची दिवाळी. जावई म्हणजे नारायण, लेक म्हणजे लक्ष्मी; दोघांना शेजारी पाटावर बसवायचं, ओवाळायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं. आणि जावयाने त्या दिवशी काही मागितलं तर नाही म्हणायचं नाही. पडवळांच्या घरात हा नियम सुभाषरावांच्या आज्यापासून चालत आला होता. आज्याने जावयाला दुभती म्हैस सोडून दिली होती आणि पुढे वर्षभर घरात कोरा चहा प्यायले होते सगळे. ही गोष्ट सुभाषराव अभिमानाने सांगायचे.

त्यांची लेक अश्विनी डिंगोऱ्याला दिलेली. पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी आली होती. मंचरला सिझर झालं, मुलगी झाली, आरोही. वरून टाके पिकले. पू काढावा लागला, पुन्हा टाके घालावे लागले, लेक तापाने फणफणली. आता सव्वा महिना होऊन गेला होता, ताप उतरला होता, पण डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं होतं: अजून दोन महिने वाकायचं नाही, बाळाहून जड काही उचलायचं नाही. अश्विनी खाटेवरून उठताना अजून एक हात पोटाला धरूनच उठायची.

जावयाचा, तुषाररावांचा, आठवड्याखाली फोन आला होता. घरी दहा गाई, आईचे गुडघे धरलेले, गोठ्याला माणूस मिळत नाही. "सव्वा महिना झालाच हाय, मामा. धोंड्याचं जेवन झालं की तिला संगंच घिऊन जातो. तिथं हळूहळू करंल की समदं." सुभाषराव म्हणाले होते, "जशी तुमची मर्जी."

इंद्रायणीबाईंनी त्या दिवसापासून नवऱ्याच्या मागे लकडा लावला होता. त्या दिवशी सकाळीही स्वयंपाकघरात पुरण वाटता वाटता त्यांनी परत विषय काढला.

"तुमी बोला त्यांच्याशी. माझं सासूचं ऐकणार न्हाईत. पोरगी तिथं गेली की दुसऱ्या दिवशी शेणाची पाटी उचलंल. न्हाई म्हणायची तिला सवयच न्हाई."

"अगं, आज धोंड्याचा दिस. आज जावयाला न्हाई म्हणायचं? पडवळांच्या घरात?"

"मग काल बोलायचं व्हतं."

"जावयाला काय बोलायचं असतं व्हय? त्यांची बायकू हाय. त्यांना काय कळत न्हाई का? व्हईल हळूहळू."

अश्विनी दाराशी बाळाला खांद्यावर घेऊन उभी होती. तिने ऐकलं आणि ती बाळाला थोपटत आत गेली. सुभाषरावांना वाटलं, पोरगी समजूतदार आहे.

तुषारराव अकराच्या सुमाराला आपल्या पांढऱ्या गाडीतून आले. माणूस तसा हसतमुख, पान-तंबाखूची सवय नाही, चार लोकांत बोलायला चांगला. फक्त त्यांना थांबणं माहीत नव्हतं. ताट वाढेपर्यंत त्यांनी तीनदा घड्याळ पाहिलं. पाटावर बसायला अश्विनीला वेळ लागला, तर "चल ना गं, किती वेळ?" असं हसत हसतच म्हणाले. सगळे हसले. सुभाषरावही हसले.

जेवण झक्क झालं. धोंडे तुपात न्हाऊन निघाले. वाण दिलं, निरांजन दिलं, टोपी-टॉवेल दिला. अंगणात भावकीतली पाच-पंचवीस माणसं मांडवाखाली पान लावत बसली होती. मग धर्माजीने जुना रिवाज काढला. "जावईबापू, मागा काय पायजे ते. सासऱ्याला आज न्हाई म्हणता येत न्हाई!"

तुषाररावांनी जास्त विचार केला नाही. "पिवळीची चावी द्या, मामा. एक राऊंड मारतो."

मांडवात टाळ्या पडल्या. सुभाषरावांचा हात खिशावर गेला. गेल्या दोन वर्षांत त्या गाडीच्या चाकामागे दुसरं माणूस बसलं नव्हतं. पुण्याच्या मेकॅनिकलासुद्धा ते शेजारी बसवून नेत होते. पण पंचवीस माणसं बघत होती आणि आज्याची म्हैस आडवी आली. त्यांनी खिशातून चावी काढली.

"द्यायला काय, घ्या की. पण एक ऐका, तुषारराव. आधी चालू करून जरा थांबा. आवाज खाली बसला की मग हळू काढा. कळंबपर्यंत दाबायची न्हाई. तेलाचा काटा हाय बघा डावीकडं, तो..."

"मामा, बाहेर चाळीस डिग्री हाय! सकाळपास्नं उनात उभी हाय गाडी. पत्र्यावर पापड भाजतील. अजून काय तापवायची ऱ्हायलीय तिला?"

परत हशा. आता या माणसाला कसं सांगावं? पत्रा तापला म्हणजे तेल तापत नाही. चाळीस डिग्री म्हणजे त्या इंजिनाला गारच. त्याचं तेल नव्वदच्या पुढे जातं तेव्हा कुठे ते पातळ होऊन पार वरपर्यंत नीट पोचतं. पण ही गोष्ट मांडवात बसलेल्या पंचवीस पानं चघळणाऱ्या तोंडांपुढे सांगायची म्हणजे कोंडाबाईच्या हातात कोलीतच. "तुमी आपलं थांबा थोडं," एवढंच ते म्हणाले.

तुषारराव थांबले नाहीत. आत बसले, चालू केली, आणि चालू झाल्या झाल्या पाय दाबला. पिवळी किंचाळली. पोरांनी मोबाइल काढले. "अजून एक, दाजी, अजून एक!" तुषाररावांनी अजून एक दिला, मग आणखी एक, आणि सुभाषराव खांबाला धरून उभे राहिले. त्यांना वाटलं, जाऊन बोनेटवर आडवं पडावं. पण जावई म्हणजे नारायण. नारायणाने क्लच सोडला, चाकांनी माती उडवली आणि गाडी फाटकातून बाहेर गेली.

पुढचं सगळं त्यांनी कानांनी पाहिलं. देवळाच्या वळणापर्यंत पहिलाच गिअर. अरे, बदल की गिअर! शाळेजवळच्या गतिरोधकावर धडाड. तिरकी घ्यायची असते, नालायका! मग सरळ रस्ता लागला आणि आवाज चढत चढत असा वर गेला की सुभाषरावांनी डोळे मिटले. तेल अजून मधासारखं जाड असणार. आतला प्रत्येक भाग कोरडाच एकमेकावर घासत असणार. आणि हे ध्यान वर मजा मारतंय! कुणाच्या बापाची गाडी! फुकट मिळालं की माणसाला दया म्हणून राहत नाही. तेरड्याच्या रंगासारखी ही हौस, तीन दिवसांत ओसरेल, आणि भोगायचं मात्र तिने.

"काय झालं हो? बसा की, पाणी घ्या," इंद्रायणीबाई म्हणाल्या.

"पाणी काय घ्या! मारून टाकली तिला त्यानं!"

इंद्रायणीबाईंनी त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं. "तिला म्हणजे गाडीला व्हय?" असं म्हणून त्या आत गेल्या. आत अश्विनीची बॅग भरायची चालली होती. दुपटी, बाळाचं काजळ, डिंकाच्या लाडवांचा डबा, औषधं. बॅग भरली तरी अश्विनी तिथेच खाटेच्या कडेवर बसून होती. बाहेर सुभाषराव फाटकापर्यंत जात होते आणि परत येत होते. धर्माजी म्हणाला, "येतील रं, गाडीच तर हाय." सुभाषरावांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने पानाचा तोबरा गिळला.

पिवळी परत आली ती आधी वासाने कळली. क्लच जळाल्याचा वास, त्यात तेलाचा वास. मागून निळसर धूर. अंगणात शिरताना इंजिनातून एक नवीन आवाज येत होता: टक, टक, टक, टक. घरात कुणी बारीक हातोडीने खिळा ठोकत बसावं तसा. तुषाररावांनी गाडी उभी केली आणि उभी केल्या केल्या चावी फिरवून बंदही केली. पळून आलेल्या इंजिनाला निवायला दोन मिनिटं द्यावीत, तेसुद्धा नाही.

ते खाली उतरले तेव्हा घामाने चमकत होते. खुशीत होते. "मामा, लई पळती राव! हायवेला कुनी धरंना. पर आतनं काय तरी टकटक करतंय बघा. जुनी झाली वाटतं."

आणि सुभाषरावांचा बांध फुटला.

"जुनी? जुनी झाली म्हणतोस? अरे, सकाळपर्यंत घड्याळासारखी चालत व्हती ती! तुला सांगितलं व्हतं का न्हाई मी? थांब म्हणलं व्हतं का न्हाई?"

 पडवळांच्या घरात जावयाला अरे-तुरे कुणी केलं नव्हतं, आणि धोंड्याच्या दिवशी तर नाहीच नाही. कुणाच्या तरी हातातला अडकित्ता तसाच राहिला.

"मामा, जरा..."

"काय जरा? तुला काय वाटतं, वरनं उनात तापलेली दिसली म्हणजे आतनं तयार झाली? वरनं काय कळतं रं? वरनं पिवळीधमकच दिसणार! आत काय चाललंय ते बघायला नको? तिला तोंड न्हाई म्हणून तू वाट्टेल तसं दामटणार? जरा दम खाऊ दे म्हणायचं, हळूहळू अंगात बळ येऊ दे म्हणायचं, मग पळीव ना किती पळवायचं ते! मी न्हाई म्हणतो का? पर थांबायचं न्हाई तुला! दुसऱ्याच्या जिवावर घाई!"

"गाडीच हाय, मामा. व्हईल दुरुस्त. मी देतो करून."

"दुरुस्त! आत एकदा चरा पडला की जन्माचा पडला, गधड्या! आज चालंल, उद्या चालंल, आन् पाच वर्सांनी घाटात बसंल तवा कुनाला आठवनार हाय तू काय केलंतं ते?"

तुषाररावांचा चेहरा काळाठिक्कर पडला. चारचौघांत, बायकोच्या भावकीपुढे, हातात सासऱ्यानेच दिलेला नवा टॉवेल. त्यांनी चावी अनारशांच्या ताटात टाकली. "बास झालं. धोंड्याला बोलावून जावयाचा हा मान व्हय? अश्विनी! घे बाळाला. निघायचं."

अश्विनी दारात आली. एका खांद्यावर बाळ, दुसऱ्या हातात ती बॅग. उंबऱ्यावरून पाय टाकताना तिने बॅग सोडून पोट धरलं, ओठ दाबले आणि परत बॅगेला हात घातला. "अगं, ठेव ती!" इंद्रायणीबाई धावल्या. अश्विनीने बॅग खाली ठेवली, पण आईकडे पाहिलं नाही. ती बापाकडे बघत होती.

"आण्णा," ती म्हणाली, "जावयाला असं बोलता येतं व्हय?"

सुभाषरावांच्या तोंडात अजून दहा शिव्या तयार होत्या. त्या तिथेच राहिल्या.

"न्हाई, मला खरंच ठाव नव्हतं. आई आठ दिस पाया पडती तुमच्या, तुमी बोला म्हणून. तुमी म्हणलात, जावयाला काय बोलायचं असतं व्हय. मला वाटलं, नसंल बोलता येत. रीतच नसंल." तिचा आवाज चढला नव्हता. बाळ झोपलं होतं. "आन् आता बघते तर समदं येतंय की तुमाला. दम खाऊ दे येतं. आतनं बघ येतं. गधड्या बी येतं."

कोणी पान थुंकायलासुद्धा उठलं नाही. समोर कोंडाबाई ओट्यावरून उठून फाटकापर्यंत आल्या होत्या आणि त्यांनाही टोमणा सुचत नव्हता. सुभाषरावांनी बॅगेकडे पाहिलं, मग लेकीच्या पोटावरच्या हाताकडे पाहिलं. गेले चाळीस दिवस ते तो हात रोज बघत होते. त्यांना कानशिलं तापल्यासारखी वाटली आणि राग यायला लागला, आता कुणाचा ते मात्र कळेना.

"तुषारराव," ते म्हणाले. आवाज घोगरा झाला होता. "अश्विनी येनार न्हाई आज. डॉक्टरीण सांगंल तवा येईल. दोन म्हयने म्हणाली तर दोन म्हयने. गोठ्याला मानूस मी बघून देतो."

तुषाररावांनी सासऱ्याकडे पाहिलं. मांडवातल्या माणसांकडे पाहिलं. मग ते हसले, आणि ते हसणं चांगलं नव्हतं.

"फोनवर तर म्हणला व्हता, जशी तुमची मर्जी. आता गाडीला खरचटलं तवा लेक आठवली व्हय, मामा? ऱ्हाऊ द्या. ठेवा तिला हितंच."

त्यांनी ताट घेतलं नाही, टॉवेल पाटावर ठेवला आणि पांढऱ्या गाडीत बसून निघून गेले. वळणावर गाडीचा आवाज गेला तसे भावकीतले लोक एकेक करून, चपला शोधत, सांभाळून बोलत उठले. धर्माजी जाताना "येईल राग शांत होऊन" असं काहीतरी पुटपुटला. मांडव रिकामा झाला.

इंद्रायणीबाईंनी बॅग आत नेली. सुभाषराव अंगणातच उभे होते. त्यांना वाटत होतं, आता लेक जवळ येईल, निदान 'बरं केलंत आण्णा' एवढं तरी म्हणेल. शेवटी त्यांनी शब्द टाकलाच होता की. आज्याची रीत मोडली होती, चारचौघांत जावई गमावला होता, आणि तो तिच्यासाठीच.

अश्विनी उंबऱ्यावर हळूच टेकली. बाळाचं टोपडं सारखं केलं.

"आण्णा, एक विचारू?"

"विचार की."

"गाडी नीट परत आली असती तर?"

सुभाषरावांची नजर पिवळीकडे गेली. त्यांना उत्तर माहीत होतं आणि तिलाही माहीत होतं. गाडी नीट परत आली असती तर त्यांनी जावयाच्या पाठीवर थाप मारली असती, चहा करायला सांगितला असता, आणि ऊन उतरल्यावर ती बॅग स्वतः उचलून पांढऱ्या गाडीच्या मागच्या सीटवर ठेवली असती. लेकीला बसवून दारही त्यांनीच लावलं असतं.